शिक्षा या शब्दाचे मूळ

जबलपूरहून अमरकंटकाकडे जाणाऱ्या वाटेवर कुंडम नावाचे तालुक्याचे गाव आहे. नर्मदेला उजव्या तीरावर येऊन मिळणारी हिरन नदी याच परिसरात उगम पावते. उगमापाशी तिचा प्रवाह अगदी लहान असतो. पुढे सुमारे १८८ किलोमीटर वाहत जाऊन ती नर्मदेत मिसळते, तेव्हा तिच्या पाण्यात अनेक ओढ्यानाल्यांचे पाणी आलेले असते आणि मूळचे पाणी कोणते हे कोणालाही सांगता येत नाही. शब्दांचेही असेच होते. नित्य व्यवहारातला एखादा शब्द आज ज्या अर्थाने आपण उच्चारतो, तो अर्थ त्याच्या उगमापाशी असतोच असे नाही. म्हणून केव्हा केव्हा उगमापर्यंत चालत जावे लागते.

या कुंडमसारख्या गावी नोकरीच्या निमित्ताने येऊन राहिलेले एखादे महाराष्ट्रीय कुटुंब डोळ्यांसमोर आणावे. घरात मराठी, दाराबाहेर हिंदी. घरातला मुलगा नुकताच अक्षरे जुळवून वाचू लागला आहे. शाळेच्या भिंतीवर ‘शिक्षा का अधिकार’ असे मोठ्या अक्षरांत लिहिलेले तो वाचतो आणि घरी येऊन विचारतो, “आजोबा, आम्हा सगळ्या मुलांना शिक्षा मिळाली पाहिजे असं शाळेच्या भिंतीवर लिहिलंय. आम्ही काय केलंय?”

आजोबा हसून म्हणतात, “बाळ, इकडच्या भाषेत शिक्षा म्हणजे शिकणं.”

मुलगा जरा विचार करतो आणि पुन्हा विचारतो, “मग आपल्या भाषेत शिक्षा म्हणजे मार का?”

या दुसऱ्या प्रश्नाला आजोबांपाशी तत्काळ उत्तर नसते. प्रश्न बालकाचा असला तरी तो बालिश नाही. विद्या आणि दंड या दोन वस्तूंना एकच नाव कसे पडले, आणि त्या नावाखाली आपण आपल्या मुलांना यांपैकी नेमके काय देत आहोत, हा प्रत्येक गृहस्थाने स्वतःला विचारावा असाच प्रश्न आहे.

एक शब्द, दोन अर्थ

भारतातील भाषांकडे या दृष्टीने पाहिले असता त्यांचे सरळ दोन गट पडलेले दिसतात. हिंदी, बंगाली, उडिया, असमिया, नेपाळी या भाषांत शिक्षा म्हणजे विद्येचे ग्रहण व दान. मराठी, गुजराती, कन्नड, तेलुगु आणि मलयाळम् या भाषांत शिक्षा म्हणजे मुख्यतः अपराधाबद्दल मिळणारा दंड. विद्येच्या अर्थासाठी मराठीने ‘शिक्षण’ हा शब्द ठेवला आणि ‘शिक्षा’ हा शब्द न्यायालयाकडे व शाळेतील छडीकडे सोपविला.

ज्या प्रदेशात हे दोन गट एकमेकांना भिडतात, त्या प्रदेशात कुंडम आहे. जबलपूरचा हा मुलूख सन १७८१ नंतर सागरच्या मराठ्यांच्या व पुढे नागपूरकर भोसल्यांच्या अमलात होता. १८६१ मध्ये मध्यप्रांत निर्माण झाला, तेव्हापासून १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत जबलपूर आणि नागपूर ही दोन्ही शहरे एकाच प्रांतात नांदली. १९५० च्या राजभाषा कायद्याने हिंदी व मराठी या दोन्ही भाषा त्या राज्याच्या राजभाषा ठरल्या होत्या. अर्थात एकाच राज्यात एकाच कामाला हिंदी लिहिणारा ‘शिक्षा’ म्हणे आणि मराठी लिहिणारा ‘शिक्षण’ म्हणे. आणि हिंदी लिहिणाऱ्याची ‘शिक्षा’ मराठी वाचणाऱ्याच्या दृष्टीस पडली की त्याला क्षणभर थबकावे लागे.

तो प्रांत गेला, पण ही अडचण गेली नाही. या शतकाच्या आरंभी केंद्र सरकारने देशभर ‘सर्व शिक्षा अभियान’ सुरू केले. महाराष्ट्रातही ते त्याच नावाने आले आणि गावोगावच्या मराठी शाळांच्या भिंतींवर ते नाव रंगविले गेले. सर्वांना शिक्षा करण्याची ही मोहीम कसली, असा विनोद त्या काळी अनेकांनी केला. विनोद करून माणसे पुढे गेली. शब्दाच्या मुळापर्यंत थोडेच गेले.

धातूचा अर्थ

शिक्षा हा शब्द ‘शक्’ या धातूपासून होतो. शक् म्हणजे समर्थ असणे, करू शकणे. शक्ति, शक्य, अशक्त हे आपले रोजचे शब्द याच धातूचे होत. मराठीतील ‘शकणे’ हे क्रियापदही त्याचेच. या शक् धातूला व्याकरणातील ‘सन्’ हा प्रत्यय लागला म्हणजे ‘शिक्ष्’ असे रूप होते. सन् हा इच्छा दाखविणारा प्रत्यय आहे. ज्ञा म्हणजे जाणणे, जिज्ञासा म्हणजे जाणण्याची इच्छा. मुच् म्हणजे सुटणे, मुमुक्षा म्हणजे सुटण्याची इच्छा. श्रु म्हणजे ऐकणे, शुश्रूषा म्हणजे ऐकण्याची इच्छा. गुरूचे ऐकू इच्छिणारा शिष्य गुरूची सेवा करीत असे, म्हणून शुश्रूषा म्हणजे सेवा असा अर्थ झाला आणि आज मराठीत तो शब्द रुग्णाच्या खाटेपाशी जाऊन पोचला आहे. याच रीतीने शक् पासून शिक्षा, म्हणजे समर्थ होण्याची इच्छा. आपल्याला जे आज येत नाही ते यावे, जे करता येत नाही ते करता यावे, ही अंतःकरणातील ओढ म्हणजे शिक्षा.

धातुपाठात ‘शिक्ष्’ असा एक स्वतंत्र धातूही विद्या ग्रहण करणे या अर्थी सांगितलेला आहे. परंतु शक् धातूच्या इच्छारूपाचा मार्गही वैयाकरणांनी स्पष्टपणे मान्य केला आहे. भट्टोजी दीक्षितांच्या सिद्धान्तकौमुदीत या रूपाचे उदाहरण धनुर्विद्येचे आहे: धनुष्याच्या विषयात शिकणारा म्हणजे त्या विषयाच्या ज्ञानात समर्थ होऊ इच्छिणारा, असा त्याचा अर्थ तेथे उलगडला आहे. गीतेचा श्रोता धनुर्धर आहे हे ध्यानात घेतले म्हणजे हे उदाहरण अधिकच मनात ठसते.

यापेक्षाही जुना दाखला ऋग्वेदात मिळतो. सातव्या मंडलातील १०३ वे सूक्त बेडकांचे आहे. पहिल्या पावसानंतर एक बेडूक ओरडतो आणि दुसरा त्याचाच शब्द पुन्हा उच्चारतो. या दृश्याला ऋषींनी पाठशाळेची उपमा दिली आहे. त्या उपमेत गुरूला ‘शाक्त’ म्हटले आहे आणि शिष्याला ‘शिक्षमाण’. दोन्ही शब्द एकाच शक् धातूचे. गुरू म्हणजे जो समर्थ आहे तो. शिष्य म्हणजे जो समर्थ होऊ पाहतो तो. या दोघांमध्ये अंतर आहे ते केवळ काळाचे. आज जो शिक्षमाण आहे तो उद्या शाक्त व्हावयाचा आहे. शिवाय वैदिक शब्दांच्या निघंटूमध्ये ‘शिक्षति’ हे क्रियापद दान देणे या अर्थाच्या शब्दांतही गणले आहे. म्हणजे उगमापाशी या शब्दाच्या एका बाजूस समर्थ होण्याची इच्छा आहे आणि दुसऱ्या बाजूस देणे आहे. दंड कोठेही नाही.

पुढे वेदांच्या सहा अंगांपैकी पहिल्याला शिक्षा हेच नाव मिळाले. वर्ण, स्वर, मात्रा इत्यादींचा शुद्ध उच्चार कसा करावा, हा त्या शास्त्राचा विषय. तैत्तिरीय उपनिषदाचा पहिला भाग ‘शीक्षावल्ली’ या नावानेच ओळखला जातो. तेथे उच्चारापासून आरंभ करून विद्या संपविलेल्या शिष्याला गृहस्थाश्रमाचा उपदेश करण्यापर्यंत सारा शिक्षणक्रम आलेला आहे. आरंभीच जिभेला समर्थ करावयाचे आणि अखेरीस सगळ्या जीवनाला, असा हा क्रम होय.

इच्छा कोणाची?

सन् प्रत्ययाचा नियम सांगताना पाणिनीने एक अट घातली आहे आणि ती या प्रकरणी फार महत्त्वाची आहे. ज्या क्रियेची इच्छा करावयाची, ती क्रिया करणारा आणि ती इच्छा करणारा हे दोघे एकच असले पाहिजेत. व्याकरणाच्या परिभाषेत याला ‘समानकर्तृक’ म्हणतात. देवदत्ताला स्वतः जेवण्याची इच्छा झाली तर तेथे सन् लागतो व बुभुक्षा हा शब्द होतो. परंतु यज्ञदत्ताने जेवावे अशी देवदत्ताची इच्छा असेल तर तेथे सन् लागत नाही. मुलाला भूक नसताना त्याने जेवावे असे आईला कितीही वाटले, तरी त्या वाटण्याला बुभुक्षा म्हणता येत नाही.

हाच नियम शिक्षेला लावून पाहावा. मुलाने शिकावे अशी बापाची इच्छा आहे, गुरुजींची आहे, सरकारचीही आहे. या सर्व इच्छा चांगल्या आहेत. पण त्यांतील एकीलाही व्याकरण शिक्षा हे नाव देत नाही. ज्याला समर्थ व्हावयाचे आहे त्याच्याच मनात ती इच्छा उत्पन्न झाली, तरच ती शिक्षा. याउलट मराठी अर्थाची शिक्षा, म्हणजे दंड, ही नेहमी दुसऱ्याकडून येते. देणारा एक, सोसणारा दुसरा. तेथे कर्ते दोन आहेत. एकाच शब्दाचे हे दोन अर्थ किती विरुद्ध दिशांना गेले आहेत, हे यावरून दिसून येईल.

मग शिक्षकाचे काम काय उरले, अशी शंका येईल. त्याचेही उत्तर शब्दातच आहे. शिक्ष् ला प्रयोजक प्रत्यय लागून शिकविणे हा अर्थ होतो. म्हणजे समर्थ होण्याची इच्छा शिष्याच्या ठायी निर्माण करविणारा, जागी करविणारा तो शिक्षक. इच्छा शिष्याचीच राहते. ती जागी करण्याचे कर्तृत्व तेवढे गुरूचे. तसेच ‘शिक्षा’ हे वेदांग पढणाऱ्यालाही पाणिनीच्या नियमाने शिक्षक म्हणतात. स्वतः पढत राहतो त्यालाही तेच नाव असावे, ही गोष्ट शिकविणाऱ्याने विसरू नये अशी आहे.

मराठीत आलेले रूप

संस्कृतातील ‘क्ष’ प्राकृतात ‘क्ख’ होतो. शिक्ष् चे सिक्ख झाले. त्यातून हिंदीत सीखना आले आणि मराठीत शिकणे. हिंदीने हकार राखला, मराठीने तो टाकला. बुभुक्षेपासून हिंदीत भूख व मराठीत भूक झाली, भिक्षेपासून हिंदीत भीख व मराठीत भीक झाली, त्यांच्याच जोडीचे हे उदाहरण आहे.

भूक, भीक आणि शिकणे हे तीन शब्द एका ओळीत आले ते योग्यच झाले. बुभुक्षा हे भुज् धातूचे इच्छारूप आहे. भिक्ष् हा धातुपाठात स्वतंत्र धातु असला तरी आधुनिक भाषाशास्त्रज्ञ त्यात भज् म्हणजे वाटा घेणे या धातूचे इच्छारूप पाहतात. शिक्षा हे शक् चे इच्छारूप. म्हणजे तिन्ही शब्दांच्या पोटी इच्छा आहे. भूक ही शरीराची ओढ, भीक ही दुसऱ्याजवळच्या वस्तूची ओढ आणि शिकणे ही सामर्थ्याची ओढ. शिकलेल्याला भीक मागावी लागू नये असे आपण म्हणतो, त्या म्हणण्याला शब्दशास्त्राचाही असा आधार आहे. मराठी भाषकाने ‘शकणे’ आणि ‘शिकणे’ ही दोन क्रियापदे एकदा जवळ ठेवून पाहावीत. दोहोंत फरक एका इकाराचा. आज मला पोहता येत नाही, पण मी पोहायला शिकेन आणि मग मी पोहू शकेन. हे साधे वाक्य बोलताना आपण नकळत त्या जुन्या धातूचा सगळा प्रवास पुन्हा करीत असतो.

दंडाचा अर्थ कोठून आला?

शिकविण्याचा आणि दंडाचा संबंध मनुष्याच्या मनात फार सहज जुळतो. ‘त्याला चांगला धडा शिकविला’ असे आपण म्हणतो, तेव्हा धडा पुस्तकातला नसतो. हिंदीतही ‘सबक सिखाना’ याचा तोच अर्थ. ज्या भाषेने शिक्षा हा शब्द निर्मळ ठेवला, तिलाही हा संबंध टाळता आला नाही. शिकविणे, मग वळण लावणे, मग वळण न लागल्यास ताडन करणे, आणि अखेरीस केवळ ताडन, अशा पायऱ्यांनी शब्द खाली उतरतो.

संस्कृतात याच्या शेजारी दुसरा एक धातु आहे: शास्. उपदेश करणे, आज्ञा करणे असा त्याचा अर्थ. शास्त्र, अनुशासन आणि शिष्य हे शब्द त्याचे. शासन हा शब्दही त्याचाच. तो मूळचा उपदेश, पुढे आज्ञा, पुढे राज्यकारभार आणि शेवटी ‘अपराध्याला कडक शासन झाले पाहिजे’ या वाक्यातील दंड, असा उतरत आला आहे. शक् आणि शास् यांच्या शब्दांचा व्यवहार एकाच पाठशाळेत चालल्यामुळे एकाचा रंग दुसऱ्याला लागला तर नवल नाही.

तथापि याच शेजारातून एक वेगळी वाटही निघाली. बौद्ध परंपरेत शील, समाधि व प्रज्ञा यांना तीन शिक्षा म्हणतात, आणि आचरणाच्या नियमांना पालीत ‘सिक्खापद’ असे नाव आहे. महाराष्ट्रातील अनेक घरांत पंचशील म्हणताना हा शब्द आजही उच्चारला जातो. तेथे नियम आहे, बंधन आहे. पण ते बंधन म्हणणारा स्वतःच्या मुखाने स्वतःवर घेतो. नियम आला म्हणजे बळजबरी आलीच असे नाही, हे त्यावरून कळते. शिखांच्या धर्माचे नावही शिकणारा, शिष्य याच अर्थाचे आहे.

गीतेतील प्रसंग

आता गीतेकडे वळावे. दुसऱ्या अध्यायाच्या आरंभी एक क्रम आहे आणि तो सावकाश पाहण्यासारखा आहे. शोकाने व्याकूळ झालेल्या अर्जुनाला भगवान् प्रथम दोन श्लोकांत कठोर शब्द बोलतात. हा मोह तुला कोठून आला, हे दुबळेपण तुला शोभत नाही, ऊठ, अशा आशयाचे ते बोलणे आहे. मराठी अर्थाने ही शिक्षाच म्हणावयाची. निदान कानउघाडणी तरी नक्कीच. तिचा परिणाम काय झाला? अर्जुन उठला नाही. त्याने आपल्याच शंका अधिक जोराने मांडल्या.

मग सातव्या श्लोकात तो स्वतःहून म्हणतो की आपण शिष्य आहोत, आपणांस उपदेश करावा. येथे शिष्य आणि उपदेश कर या दोन्ही अर्थांसाठी जे शब्द आले आहेत ते शास् धातूचे आहेत. म्हणजे शासन मागितले ते शिष्याने. नवव्या श्लोकात ‘लढणार नाही’ असे म्हणून तो गप्प बसतो. शिष्यत्व पत्करल्यानंतरही त्याचा निश्चय बदललेला नाही, हे लक्षात घेण्याजोगे आहे. यावर भगवान् रागावत नाहीत. दहावा श्लोक सांगतो की ते जणू हसत बोलू लागले. आणि अकराव्या श्लोकापासून गीतेचा उपदेश सुरू होतो. कठोर शब्द दोन श्लोकांचे. हसतमुखाने केलेला उपदेश अठराव्या अध्यायापर्यंत. या प्रमाणाकडे प्रत्येक मातापित्याने व गुरूने लक्ष द्यावे.

येथे कोणी म्हणेल की दंडाला गीतेने स्थान दिलेच आहे. ते खरे आहे. दहाव्या अध्यायाच्या अडतिसाव्या श्लोकात, दमन करणाऱ्यांमध्ये दंड ही आपली विभूती असल्याचे भगवंतांनी सांगितले आहे. परंतु त्याच अध्यायाच्या बत्तिसाव्या श्लोकात विद्यांमधील अध्यात्मविद्या हीही विभूती म्हणून सांगितली आहे. दोन्ही विभूती आहेत आणि दोन्ही वेगळ्या आहेत. दंडाचे क्षेत्र दमन. चोराला, आततायीला आवरण्यासाठी तो हवा. विद्येचे क्षेत्र निराळे. एकाच्या जागी दुसऱ्याला बसविले म्हणजे दोहोंचाही अपमान होतो.

स्मृतींतही दोन्ही बाजू आढळतात. मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायात पुत्र व शिष्य यांना शिकविण्यासाठी ताडन करण्याची मोकळीक आहे. त्याच स्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात, कल्याणाचे अनुशासन अहिंसेनेच करावे आणि वाणी मधुर व मृदू असावी, असे सांगितले आहे. यांपैकी कोणते वचन घरात चालवावयाचे, हे ठरविताना शिक्षा शब्दाच्या मूळ अर्थाचा कौल घ्यावा. छडीने विद्या येते असे सांगणारे बोल आपल्याकडे घरोघर पाठ आहेत. छडीने मुलाला वर्गात बसविता येईल, पाठ केलेले म्हणून घेता येईल. समर्थ होण्याची इच्छा मात्र छडीने निर्माण होत नाही; भीती निर्माण होते, आणि भीतीची इच्छा एकच असते, ती म्हणजे तेथून निसटण्याची.

बंदिशाळेतील गीता

मराठी भाषेने शिक्षा शब्दाला तुरुंगात नेऊन बसविले खरे. पण मराठीतील गीतेच्या अभ्यासाचा इतिहास असा विलक्षण आहे की त्याच तुरुंगात त्या शब्दाचा मूळ अर्थ पुन्हा जागा झाला. लोकमान्य टिळकांना १९०८ मध्ये सहा वर्षांची शिक्षा झाली आणि त्यांना ब्रह्मदेशातील मंडाले येथे ठेवण्यात आले. तेथे १९१०-११ च्या हिवाळ्यात त्यांनी पेन्सिलीने गीतारहस्य लिहिले. सुटकेनंतर १९१५ मध्ये तो ग्रंथ प्रसिद्ध झाला. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी २१ फेब्रुवारीपासून १९ जूनपर्यंत दर रविवारी एक अशी अठरा प्रवचने केली. साने गुरुजींनी ती लिहून घेतली, आणि ती ‘गीता प्रवचने’ आज अनेक भाषांत वाचली जातात. पुढे १९४४ मध्ये, जबलपूर व नागपूर यांच्या दरम्यान असलेल्या शिवनी येथील तुरुंगात, विनोबांनी स्थितप्रज्ञाच्या लक्षणांवर व्याख्याने दिली. ‘स्थितप्रज्ञ दर्शन’ हे पुस्तक त्यांतून झाले.

धुळ्याच्या त्या श्रोत्यांचा विचार करावा. ते सर्व शिक्षा भोगत होते. ही शिक्षा त्यांना दुसऱ्याने दिली होती. तिच्यात त्यांच्या इच्छेचा प्रश्न नव्हता. पण रविवारी गीता ऐकावयास बसताना ते स्वतःच्या इच्छेने बसत. भिंती त्याच, दिवस तेच, माणसे तीच. एक शिक्षा सरकारची आणि दुसरी त्यांची स्वतःची. पहिलीची मुदत संपून ती विसरली गेली. दुसरीचे फळ आजही घरोघर वाचले जात आहे. परक्या इच्छेने लादलेले आणि स्वतःच्या इच्छेने घेतलेले यांत टिकते काय, हे सांगण्यास याहून दुसरा दाखला नको.

गृहस्थांनी काय करावे?

सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना विनामूल्य व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क देणारा कायदा २००९ मध्ये झाला आणि १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. कुंडमच्या शाळेच्या भिंतीवरील अक्षरे त्याच कायद्याची. त्या कायद्याच्या सतराव्या कलमाने मुलाला शारीरिक दंड करण्यास आणि त्याचा मानसिक छळ करण्यास मनाई केली आहे. शब्दांत सांगावयाचे तर, हिंदी अर्थाच्या शिक्षेचा हक्क देताना कायद्याने मराठी अर्थाच्या शिक्षेला शाळेचे दार बंद केले. पण कायद्याचा हात शाळेपर्यंत पोचतो. संध्याकाळी दिवा लागल्यावर घराच्या ओसरीवर मूल पुस्तक घेऊन बसते, तेथे राज्य आईबापांचे असते. त्या ओसरीवर कोणता अर्थ चालावा, हे त्यांनीच ठरवावयाचे आहे.

त्यासाठी ओसरीवरचाच आणखी एक शब्द पाहावा. ‘अभ्यासाला बस’ असे आपण मुलाला दिवसातून कितीदा तरी सांगतो. हिंदीत अभ्यास म्हणजे सराव. मराठीत सराव आणि अध्ययन दोन्ही. मूळ शब्दात अस् म्हणजे फेकणे हा धातु आहे. एकाच दिशेने पुन्हा पुन्हा टाकणे तो अभ्यास. मन आवरणे वायूला आवरण्याइतके कठीण आहे, अशी तक्रार अर्जुनाने सहाव्या अध्यायात केली, तेव्हा भगवंतांनी ती नाकारली नाही. मन चंचल आहे हे त्यांनी मान्य केले आणि अभ्यास व वैराग्य हे उपाय सांगितले. जे अवघड आहे ते अवघड आहे असे प्रथम कबूल करणे, हीही शिकविण्याची एक रीत आहे. ‘एवढे सोपे गणित येत नाही?’ असे म्हणण्यापूर्वी या प्रसंगाची आठवण ठेवावी.

व्याकरणातही अभ्यास हा पारिभाषिक शब्द आहे. सन् प्रत्यय लागला म्हणजे धातूचे पहिले अक्षर दोनदा येते. ज्ञा चे जिज्ञा, श्रु चे शुश्रू. या द्विरुक्तीच्या पहिल्या भागाला पाणिनीने अभ्यास असे नाव दिले आहे. शक् धातूच्या बाबतीत मात्र एका खास नियमाने हा अभ्यास लोप पावतो आणि शिक्ष् एवढेच रूप उरते. द्विरुक्ती झालेली असते, पण ती डोळ्यांना दिसत नाही. ज्याला खरोखर एखादी विद्या आली आहे त्याचेही असेच असते. त्याने केलेले शेकडो वेळांचे घोकणे, खोडणे, पुन्हा लिहिणे कोणाला दिसत नाही. दिसते ते सामर्थ्य. मुलाचे अक्षर आज वेडेवाकडे येत असेल तर तो अजून अभ्यासाच्या पायरीवर आहे, एवढाच त्याचा अर्थ. तो अपराध नव्हे, आणि म्हणून त्याला दंडही नाही.

मुलाने प्रश्न विचारला तर त्याला गप्प करू नये. गीतेने चौथ्या अध्यायात ज्ञान मिळविण्याचे जे तीन उपाय सांगितले आहेत, त्यांत नमस्कार व सेवा यांच्या बरोबरीने प्रश्न विचारणे हाही एक आहे. घरात वडील माणसाने स्वतः काही शिकत असावे, म्हणजे शिकणे ही लहानांवर लादलेली गोष्ट आहे असे लहानांना वाटत नाही. आणि चुकीबद्दल रागावणे भाग पडले तर ते दोन श्लोकांपुरते असावे.

गीतेच्या पहिल्याच श्लोकात एक इच्छारूप आले आहे: ‘युयुत्सु’, म्हणजे लढू इच्छिणारे. अठराव्या अध्यायात ज्याला हे ज्ञान सांगू नये त्याचे वर्णन करताना ज्याला ऐकण्याची इच्छा नाही त्याचा उल्लेख आला आहे. तेथे ‘शुश्रूषा’ या शब्दाचेच रूप आहे. लढण्याच्या इच्छेपासून ऐकण्याच्या इच्छेपर्यंत, अशी ही वाट आहे. आणि त्या वाटेच्या शेवटी, अठराव्या अध्यायाच्या त्रेसष्टाव्या श्लोकात, सारे सांगून झाल्यावर भगवान् अर्जुनाला म्हणतात की याचा पुरता विचार कर आणि मग तुझी जशी इच्छा असेल तसे कर. सर्वसमर्थ गुरूने सुद्धा इच्छेचे कर्तृत्व शिष्याच्या हाती परत दिले. समानकर्तृकाचा नियम पाणिनीने व्याकरणासाठी सांगितला. येथे तो आचरणात दिसतो.

कुंडमच्या त्या मुलाला आजोबांनी आता असे उत्तर द्यावे: “बाळ, शिक्षा म्हणजे मार नव्हे. आपल्याला जे येत नाही ते यावं असं तुला मनापासून वाटतं ना, त्या वाटण्यालाच शिक्षा म्हणतात. भिंतीवर लिहिलंय ते बरोबर आहे. आपण मराठी माणसं तो अर्थ विसरलो होतो, तो तू आज आठवून दिलास.” आणि एवढे सांगून झाल्यावर, त्या दिवसाचे पुस्तक कोठून उघडावयाचे ते त्या मुलालाच ठरवू द्यावे.